टिग वेल्डिंग: लाट आणि ट्रिगर

अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांनाही दाद देत नाही. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या टिग वेल्डिंगला एसी करंट लावतात. या करंटच्या लाटेच्या एका भागात पापुद्रा फुटतो, दुसऱ्या भागात धातू तापतो. ही वाटणी ‘बॅलन्स’ ठरवतो. वितळलेल्या धातूचा रस काळपट, मळकट दिसला तर पापुद्रा फोडणारा भाग, म्हणजे सफाई, थोडी वाढवा. टंगस्टनच्या इलेक्ट्रोडचं टोक वितळून गोळा होऊ लागलं तर ती कमी करा. फ्रिक्वेन्सी वाढवली की आर्क निमुळता होतो, कोपऱ्यात नेमका बसतो. आता टॉर्चवरचा ट्रिगर. छोट्या टाक्यांना ‘टू-टी’: दाबून धरा, सोडलं की थांबलं. लांब जोडाला ‘फोर-टी’: एकदा दाबून सोडा, संपवताना पुन्हा दाबा, बोट अवघडत नाही. मात्र एका वेळी एकच सेटिंग बदला, तेही आधी भंगाराच्या तुकड्यावर!