कारखान्यातली माती आणि कलावंताची सही

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



कलेवर बोलण्यासाठी एका निवृत्त इंजिनिअराला पाचारण करावे, ही संयोजकांची उदारता आहे. विषय मात्र मी माझ्या आवाक्यातला निवडला आहे. भोपाळच्या दक्षिणेला मिसरोद येथे मी राहतो. इटारसीकडे जाणारा लोहमार्ग तेथून जातो. स्थानकावर उभे राहून मान वर केली, तर विजेच्या तारेला खांबापासून अलग ठेवणारे तपकिरी इन्सुलेटर दिसतात; चकत्या एकीखाली एक ओवल्यासारखे. अलीकडे त्यांच्या जागी सिलिकॉन रबराचेही बसवले जातात. पण ती तपकिरी चकाकी भाजलेल्या चिनी मातीची. खाली उभ्या असलेल्या प्रवाशांपैकी कोणी तिकडे पाहत नाही. माझ्या नोकरीची बरीच वर्षे मात्र तिच्याकडे पाहण्यातच गेली.

ही माती हट्टी असते. केओलिन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचे मिश्रण बाराशे अंशांच्या वर तापवले की काही भाग वितळून बाकीच्याला कवटाळतो आणि दगडापेक्षा घट्ट वस्तू तयार होते. वाळताना आणि भाजताना ती दहाव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक आकसते. आकसणे सगळीकडे सारखे झाले नाही तर तडा जातो. तो डोळ्यांना दिसत नाही. लाकडी हातोडीने टिचकी मारली की आवाज सांगतो. चांगल्या मालाचा नाद घंटेसारखा, तडकलेल्याचा बद्द. हे पुस्तकातून शिकता येते असे मला नोकरीच्या आरंभी वाटत असे. ते मला शिकवले ते वीस वर्षे हातोडी धरलेल्या कामगारांनी.

कलावंत कारखान्यात जातो तो याचसाठी, असे माझे मत आहे. आमच्या भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून मातीकामाची कार्यशाळा आहे. तेथे कलावंताला चाक मिळते, भट्टी मिळते. पण बोगद्यासारखी लांब, रात्रंदिवस पेटती भट्टी आणि एकच आकार हजारदा ओतलेले हात कारखान्याबाहेर मिळत नाहीत.

हे साहचर्य जुने आहे. लंडनमध्ये टेम्सकाठी लँबेथ येथे डौल्टन यांचा कारखाना होता. त्याचा मुख्य माल सांडपाण्याचे नळ. शेजारीच लँबेथची कलाशाळा. तेथील प्राचार्य जॉन स्पार्क्स यांच्या आग्रहावरून हेन्री डौल्टन यांनी १८६० च्या दशकात विद्यार्थ्यांना आपल्या मातीवर काम करू दिले. त्यांतूनच पुढे १८७१ मध्ये हॅना बार्लो आल्या. ओल्या भांड्यावर टोकदार सळईने त्या घोडे, हरणे, शेळ्या अशा कोरत की भांडे भाजल्यावरही प्राणी चालत असल्यासारखे वाटावे. उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने रेखाटन शिकून घेतले. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. भांड्याच्या तळाशी त्यांच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली असत, आणि ठिपके व वेलबुट्टी भरणाऱ्या साहाय्यक मुलींच्याही खुणा असत. नळांच्या कारखान्याने एवढे केले.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत काय चालले होते? सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेत जॉर्ज विल्किन्स टेरी हे शिक्षक होते. १८७० च्या दशकात त्यांनी चकाकीदार मातीकामाचा कारखाना उभा केला. काचेसारखी झिलई देण्याची परंपरा सिंधमध्ये होती, म्हणून कुंभार तिकडून आणवले. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. त्या चित्रांतील आकृती सुरया-फुलदाण्यांवर उतरल्या. ही भांडी युरोपच्या बाजारात गेली, आज ती तिकडच्या संग्रहालयांत आहेत. काचेच्या कपाटातील चिठ्ठीवर बहुधा ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ एवढेच लिहिलेले असते; फार तर टेरी यांचे नाव. भांडे ज्याने चाकावर उचलले, झिलई ज्याने कालवली, त्या सिंधी कुंभाराचे काय? सरकारी शाळेला नोंदींची सवय नव्हती असे कोण म्हणेल?

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील. विस्कॉन्सिन राज्यात कोलर कंपनी नळ, बेसिने आणि शौचकूपे बनवते. १९७४ मध्ये रूथ कोलर यांनी तेथील कारखान्यात कलावंतांनी राहून काम करण्याची योजना सुरू केली, ती आजतागायत चालू आहे. कलावंत काही आठवडे पाळीच्या कामगारांच्या शेजारी उभा राहतो. प्लास्टरच्या साच्यात मातीची पातळ रबडी ओततो, साचा पाणी शोषून घेईपर्यंत थांबतो. जवळच्या शेबॉयगनच्या कलाकेंद्रातील पुरुषांचे स्वच्छतागृह ॲन एजी यांनी निळ्या रंगात चितारले आहे. आपल्याकडे कोणी ग्रंथालयाच्या स्वच्छतागृहाकडे इतके लक्ष देईल तर मी वर्गणी दुप्पट देईन.

आता जे सांगतो ते माझ्या पदरचे आहे. तरुणपणी मी एका कारखान्यात माल तपासायला गेलो होतो. भट्टीतून बाहेर आलेल्या गाडीवर, मोठ्या इन्सुलेटरांच्या मधल्या फटींत, बोटभर उंचीच्या सात-आठ चिमण्या उभ्या होत्या. उरलेल्या मातीच्या, त्याच तपकिरी झिलईच्या. कोणा कामगाराने गुपचूप भाजून घेतल्या होत्या. भट्टीत परकी वस्तू असू नये, हा नियम होता, आणि नियम चुकीचा नव्हता. मी तो अहवालात लिहिला. दुसऱ्या दिवशी चिमण्या भंगाराच्या ढिगावर फोडलेल्या होत्या, आणि त्या माणसाची पाळी बदलली होती. मला टिचकीचा नाद शिकवणाऱ्यांपैकीच तो एक होता, असे नंतर कळले. त्याला भेटायला जायचे राहिले. राहिले म्हणजे, मी गेलो नाही. त्याचे नावही मी कोणाला विचारले नाही. लँबेथच्या मुलींचे आणि सिंधच्या कुंभारांचे मी एवढे बोललो, त्याचे कारण हे.

ढिगातून एक चिमणी मी खिशात टाकून आणली होती. तिच्या तळाशी नखाने ओढलेल्या तीन रेघा आहेत, एक आडवी आणि दोन उभ्या. अक्षर असेल तर मला लावता आलेले नाही. चिमणी आज बरोबर आणली आहे. भाषणानंतर या टेबलावर ठेवतो. हातात घेऊन पाहावी, फक्त जपून, कारण चोच आधीच उडालेली आहे. आणि कोणाला त्या रेघा वाचता आल्या, तर मला अवश्य सांगावे.