बुचाचं झाड

जुन्या नाशकात माझ्या अब्बांचं अत्तराचं छोटं दुकान होतं. इवल्याशा काचेच्या बाटल्या आणि तोंडाशी बूच. बूच सैल बसलं की हिना असो वा केवडा, चार दिवसांत सगळा हवेत. म्हणून अब्बा प्रत्येक बूच चाकूनं तासून बसवायचे.

त्या अब्बांची कबर आमच्या कबरस्तानात ज्या झाडाखाली आहे, तेही बुचाचंच. गेल्या पावसाळ्यात त्याची एक फांदी कुंपणाच्या भिंतीवर कोसळली. झाड तोडावं असा अर्ज तयार झाला आणि सहीसाठी माझ्याकडे आला. मी म्हटलं, आधी बघून येतो.

फजरची नमाज पढून गेलो. कबरीवर पांढऱ्या फुलांचा सडा. ही फुलं रात्री उमलतात, पहाटे गळतात. देठ इतके लांब की बायका दोऱ्याशिवाय वेणी गुंफतात. आम्ही पोरं त्यांच्या पिपाण्या वाजवायचो. काही जण या झाडाला गगनजाई किंवा आकाशनिंब म्हणतात. मूळचं ते ब्रह्मदेशाकडचं. आपल्याकडे बी क्वचितच धरतं, मुळांतूनच नवे फुटवे येतात. लाकूड मात्र ठिसूळ, वादळात टिकत नाही. अर्जदारांचं अगदीच चुकलं नव्हतं.

साल भेगाळलेली, नखानं दाबली तर दबते. खऱ्या बुचाऐवजी हीच साल वापरत, म्हणून हे नाव. पण माल हलका.

खरं बूच निघतं ते ओकच्या एका जातीपासून. जगातलं निम्मं बूच एकटा पोर्तुगाल देतो. तिथं १७८३ साली लावलेलं एक झाड अजून उभं आहे. पाखरांच्या किलबिलाटामुळे त्याला ‘शीळ घालणारं झाड’ म्हणतात. १९९१ साली त्या एकट्यानं १२०० किलो साल दिली. त्यातून लाखावर बाटल्यांची बुचं झाली! झाड पंचविशीत आल्यावर पहिल्यांदा साल उतरवतात, पुढं दर ९ वर्षांनी. झाड मरत नाही. खोडावर सालाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात, म्हणजे घाई होत नाही. तिथं ही झाडं परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे.

बाटलीपलीकडेही बूच आहेच. क्रिकेटच्या चेंडूचा गाभा, बॅडमिंटनच्या फुलाचं डोकं. १६६५ साली रॉबर्ट हूकनं भिंगाखाली बुचाचाच काप धरला आणि त्यातल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटलं. आपल्या द्राक्षनगरीतल्या वाइनच्या कितीतरी बाटल्यांना मात्र आता फिरकीचं झाकण असतं. मी पीत नाही, तरी मला ते रुचत नाही.

असो. अर्जावर मी सही केली, पण मजकूर बदलून. वाळक्या फांद्या उतरवाव्यात, खोड राहू द्यावं. दोघांनी मान डोलावली. एक बुजुर्ग अजून नाराज आहेत. भिंतीचा खर्च कोण देणार, असं विचारतात. जुम्याच्या नमाजनंतर बसायचं ठरलंय.