वहीतली बादली आणि घरातली बादली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार शब्द बोलावेत, असा निरोप घेऊन चिटणीसबाई घरी आल्या तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. फळ्यापुढे बोलण्याची सवय आहे, व्यासपीठावरून बोलण्याची नाही. पण त्या म्हणाल्या, "तुम्ही मुलांना पर्यावरणाचा विषय शिकवत होतात ना? त्याचा काही उपयोग होतो का, तेवढेच सांगा." आता हा प्रश्न मलाच कितीतरी वर्षे छळत होता. तेव्हा म्हटले, चला, आपल्या माणसांपुढे एकदा मन मोकळे करावे.

हा विषय महाविद्यालयांत आला तो आम्हा शिक्षकांच्या हौसेने नव्हे. एम. सी. मेहता या वकिलांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निकाल दिला. चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या पाट्या दाखवाव्यात, आकाशवाणी आणि दूरदर्शनने कार्यक्रम करावेत, शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा व्हावा, असे त्यात होते. निकाल झाला तरी गाडे हलेना. अखेर २००३ साली न्यायालयाने पुन्हा कान पिळला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी अभ्यासक्रम लागू केला. त्याचे पुस्तक लिहिले आपल्या पुण्याच्याच डॉ. एरॅक भरुचा यांनी. एकंदर पन्नास तास; त्यांतले पाच तास वर्गाबाहेर जाऊन पाहण्याचे. शंभर गुणांपैकी पंचवीस गुण त्या पाहण्याचे.

आमच्याकडे हा विषय कुणाला द्यायचा, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. वनस्पतिशास्त्र म्हणजे झाडे, झाडे म्हणजे पर्यावरण! मीही आनंदाने घेतला. वाणिज्य शाखेची शंभरावर मुले-मुली एका दालनात बसत. मी ओझोनचा थर शिकवला, अन्नसाखळी शिकवली, ओला कचरा व सुका कचरा शिकवला. उत्तरे इतकी छान येत की तपासताना मन भरून यावे. 'मी कचऱ्याचे वर्गीकरण करणे हे माझे कर्तव्य समजतो', असे कितीतरी जणांनी लिहिलेले असे. पाच तासांच्या पाहणीचा अहवाल मात्र बहुतेक एकाच वहीतून सगळ्यांच्या वह्यांत उतरलेला असे. तो मला ओळखू येई. पण एवढ्या मुलांना कुठे कसे न्यावे, म्हणून मी डोळेझाक करी आणि गुण देऊन टाकी.

एका वर्षी स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. मैदानभर थर्माकोलच्या ताटल्या, त्यांत उरलेला पुलाव, आणि वर कुत्री. सफाईच्या दोघी बाया वाकून वाकून उचलत होत्या. ज्यांनी कर्तव्याची उत्तरे लिहिली होती, त्याच मुलांच्या त्या ताटल्या. मला राग आला तो मुलांचा नव्हे, माझ्या पंचवीस गुणांचा.

पुढच्या सत्रात, २०११ साली, मी ठरवले की नक्कल चालायची नाही. सगळ्यांना नेता येणार नव्हते, पण बारा मुली तयार झाल्या. त्यांना घेऊन मी शहरातल्या एका कचरा वर्गीकरणाच्या शेडवर गेले. तिथे कचरावेचक बाया पोती ओतून हाताने निवडत बसल्या होत्या. मुलींनी नाकाला रुमाल लावले. एका मावशींनी हसून म्हटले, "पोरींनो, पाच मिनिटांनी वास येत नाही बघा." मग त्यांनी एक गाठ मारलेली पिशवी सोडून दाखवली. आंबलेला भात, त्यात फुटक्या पेल्याच्या काचा, आणि कागदात न गुंडाळता टाकलेले, आपण बायका ज्याचे नावही मोठ्याने घेत नाही ते पॅड. मावशींच्या अंगठ्याला काचेची जुनी जखम होती. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही हात झटकता, तिथून पुढं माझा हात लागतो."

परतताना बसमध्ये एकही मुलगी बोलली नाही. मी वर्षानुवर्षे जे शिकवत होते ते त्या दिवशी त्यांना कळले, असे म्हणायला हरकत नाही. मला स्वतःला कळायला मात्र दिवाळी यावी लागली.

त्यांतलीच एक मुलगी आईने दिलेला फराळाचा डबा घेऊन माझ्या घरी आली. चहा झाला. कपबशी ठेवायला ती आत गेली, ती तशीच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे एकच बादली?"

मैत्रिणींनो, खोटे कशाला सांगू? एकच होती. चहाचा चोथा, दुधाची पिशवी, भाजीची देठे, औषधाची रिकामी बाटली, सगळे तिच्यातच. परीक्षेला प्रश्न काढणारी मी आणि माझ्याच ओट्याखाली ही तऱ्हा! 'अगं, वेळ मिळत नाही' असे काहीतरी मी पुटपुटले. तिने पुढे काही विचारले नाही, हे तिचे मोठेपण. दुसऱ्या दिवशी मी दोन बादल्या आणि एक छोटा डबा आणला.

तेव्हापासून मी या गोष्टीचा जरा विचार करू लागले, वाचूही लागले. कळूनही माणूस तसे का वागत नाही, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. एजेन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली मांडलेला विचार मला फार पटला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एखादी गोष्ट करावी असे मला वाटणे, ही झाली एक बाब. ती मी करावी असे माझ्या जवळच्या माणसांना वाटते का, ही दुसरी. आणि ती करणे माझ्या हातात आहे असे मला वाटते का, ही तिसरी. या तिन्ही जमल्या की माणूस ती गोष्ट करायचे मनावर घेतो. वर्गातल्या शिकवण्याने पहिली बाब साधते. शेडवर नेले की ती पक्की होते. पण दुसरी आणि तिसरी? त्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर आहेत.

याचा प्रत्यय मला पुढे आला. त्या बाराजणींपैकी काही अजून भेटतात. एक नोकरीसाठी भाड्याच्या खोलीत राहत होती. ती म्हणाली, "मॅडम, मला सगळे ठाऊक आहे, पण मी वेगळे केलेले खाली एकाच पिंपात जाते. मग हळूहळू मीही सोडून दिले." दुसरीचे लग्न झाले होते. ती म्हणाली, "सासरी नवीन आहे. पहिल्याच महिन्यात बादलीवरून कशी बोलू?" हे ऐकून मला मोठे वाईट वाटले. न्यायालयाने सांगितले, विद्यापीठाने शिकवले, मुलीला पटले, आणि सारे येऊन अडले कुठे, तर आपल्यासारख्या सासवांच्या ओट्याखाली!

सगळ्याच जणी सोडून बसल्या असे मात्र नाही. ज्या घरी आईने साथ दिली, त्या मुलींची सवय टिकली. माझ्याकडे फराळ घेऊन आलेली ती मुलगी आज स्वतः शिक्षिका आहे.

पुण्याला याचा एक जुना धडा आहे, तो इथे सांगितलाच पाहिजे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेल्या महिला विद्यापीठाचा, म्हणजे आपल्या एस. एन. डी. टी.चा, प्रौढशिक्षणाचा विभाग पुण्यात होता. तिथल्या शिक्षिका कचरावेचक बायका-मुलींना अक्षरओळख करून द्यायला गेल्या आणि बघतात तो काय, या बाया तर दिवसभर उकिरड्यात! मग त्यांनी घरोघर सांगायला सुरुवात केली की कचरा वेगळा करून द्या, म्हणजे यांना घाणीत हात घालावा लागणार नाही. त्या कामातून १९९३ साली डॉ. बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था. शिकवायला गेलेले विद्यापीठ तिथे स्वतःच शिकून आले. पर्यावरणाचे शिक्षण म्हणतात ते हेच, असे मला वाटते.

आता आपल्या मंडळाचे बोलू. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा करायला सांगितले. २०१८ साली आपल्या राज्याने थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आणली. कायदे झाले, छान झाले. पण कायदा ओट्याखाली वाकून बघत नाही. तिथे आपणच. म्हणून माझ्या तीनच विनंत्या आहेत.

पहिली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. प्लास्टिकच्या डब्या आणि चाळण्या वाण म्हणून आपण किती वर्षे लुटल्या! यंदा कापडी पिशवी लुटू, नाहीतर चमचाभर मेथीचे बी पुडीत बांधून देऊ.

दुसरी, ओल्या कचऱ्याची. भोके असलेली टोपली, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर भाजीची देठे, आणि प्रत्येक थरावर मूठभर सुका पाला. वास येऊ लागला तर समजावे की ओल जास्त झाली आणि हवा कमी पडली. पाला वाढवावा, हलवून घ्यावे. इतके सोपे आहे. ज्यांना अडेल त्यांनी माझ्या गच्चीत येऊन पाहावे. आणि ते पॅड कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला सांगतात, तेवढे लाज सोडून घरातल्या मुलींना दाखवावे. तो ठिपका पाहिला की निवडणारीचा हात सावध होतो.

तिसरी विनंती सर्वांत मोठी. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी किंवा मुलगा, किंवा नवी आलेली सून, एखाद्या दिवशी म्हणेल, "आई, एक बादली आणखी ठेवूया का?" तेव्हा 'आली मोठी शिकवायला' असे म्हणू नका. जागा नसेल तर जागा करा. आम्ही शिक्षकांनी पन्नास तासांत जे पेरले, ते उगवणार की वाळणार, हे त्या एका उत्तरावर ठरते.

चिटणीसबाईंनी विचारले होते, उपयोग होतो का? होतो, पण तो अर्ध्या वाटेपर्यंत. उरलेली अर्धी वाट आपल्या घरातून जाते.

आजचे पोहे केळीच्या पानांवर दिले, हे मी आल्याआल्याच पाहिले होते. पाने कुठे टाकायची हे विचारायची पाळी येऊ नये, म्हणून दाराशी मी माझी टोपली आणून ठेवली आहे. जाताना तिच्यात टाकावीत, एवढे सांगून माझे बोलणे संपवते.