शेऱ्याचा रकाना

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा आकड्यांशी संबंध कायमचा सुटला, असं मला वाटलं होतं. पण आमच्या मोहल्ल्यात एक लहानसं वाचनालय आहे आणि काही वर्षांपासून त्याची चिटणीसकी माझ्या गळ्यात आहे. त्यामुळे आकडे मागोमाग आलेच.

वाचनालयाला लागून एक खोली आहे. दुपारी तीन ते पाच तिथे मुली अभ्यासाला बसतात. ज्यांच्या घरी एका खोलीत सहा माणसं, त्यांना ही दोन तासांची शांतता फार मोलाची. मध्यंतरी कार्यकारिणीत विषय निघाला की, मुली येईनाशा झाल्यात, तेव्हा खोली गोदामाला भाड्याने द्यावी. छपराच्या पक्क्या दुरुस्तीचा खर्च त्यातून निघेल. खरं सांगतो, मीही मनातून निम्मा तयार होतो. एवढंच म्हटलं, आधी हजेरी पाहू.

माझी भाची कॉमर्सला आहे. तिने २०२२ ते २०२४ अशा तीन वर्षांची हजेरी रजिस्टरवरून एक्सेलमध्ये उतरवली. मी फूटपट्टी शोधू लागलो तर हसून म्हणाली, “मामू, आता आलेख हाताने कोण काढतं?” तिने ती फाइल एआयला दिली आणि साध्या मराठीत लिहिलं, ‘महिनावार हजेरीचा आलेख काढ आणि काय दिसतं ते सांग.’

मिनिटभरात रंगीत आलेख समोर! रेघ कड्यावरून कोसळावी तशी खाली आलेली. सोबत दोन वाक्यं: ‘हजेरीत घसरण आहे. मार्चमधली घट विशेष चिंताजनक आहे.’ झालं, मी मनात म्हटलं, खोली गेली.

श्रोतेहो, आकड्यांचं चित्र काढण्याची ही कला फार जुनी नाही. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली व्यापाराचे आकडे रेघा आणि स्तंभांनी दाखवले. १८०१ साली त्याने वर्तुळाचे वाटे पाडून दाखवले. १८५८ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियाच्या युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा आलेख काढला. जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त सैनिक दगावले, हे त्यात एका नजरेत दिसत होतं. चित्राची ताकद ही अशी असते. म्हणूनच ते चुकलं तर अनर्थही तेवढाच मोठा.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या वर्षभरात अशी साधनं दिलेल्या फाइलवरून आलेखही काढू लागली. आतमध्ये काय घडतं? आपलं वाक्य वाचून यंत्र बहुधा एक छोटा प्रोग्रॅम लिहितं, तो चालवतं आणि चित्र आपल्या हाती देतं. बेरीज सहसा चुकत नाही. चुकतो तो अंदाज. कुठला रकाना घ्यायचा, रिकामी चौकट म्हणजे काय समजायचं, ३/४ ही तारीख तीन एप्रिल की चार मार्च, हे आपण सांगितलं नाही तर यंत्र स्वतःच ठरवून टाकतं. आणि सांगतं मात्र ठाम आवाजात!

रात्री मी मूळ रजिस्टर उघडलं. शेवटचा रकाना ‘शेरा’. आमचे जुने ग्रंथपाल चाचा तिथे बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवत. २०२४ च्या जून-जुलैसमोर लिहिलं होतं, ‘छप्पर गळते, खोली बंद.’ त्या महिन्यांच्या चौकटी रिकाम्या होत्या. यंत्राने तिथे शून्य धरलं होतं. कडा कोसळला तो तिथे.

आणि मार्च? शेरा होता, ‘रमजान.’ चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. २०२२ साली तो आपल्याकडे एप्रिलमध्ये लागला, २०२४ साली १२ मार्चला. त्या महिन्यात दुपारनंतर मुली इफ्तारच्या तयारीला घरीच लागतात. यंत्राने रमजान नसलेला मार्च रमजानच्या मार्चशी ताडून पाहिला होता. आकडे खरे, तुलना खोटी.

भाचीने शेऱ्याचा रकाना उतरवलाच नव्हता. म्हणाली, “मामू, त्यात आकडा कुठे होता?”

आम्ही पुन्हा बसलो. बंद महिने वगळायला सांगितले, रमजानचे दिवस वेगळे काढले, उभा अक्ष शून्यापासून घ्यायला लावला. हा अक्षही फसवतो बरं. समजा हजेरी पन्नासावरून सत्तेचाळीसवर आली. अक्ष पंचेचाळीसपासून सुरू केला तर एक स्तंभ पाच घरांचा आणि दुसरा दोन घरांचा दिसतो. सहा टक्क्यांची घट डोळ्यांना निम्म्याहून जास्त वाटते.

तुम्हीही बचत गटाचे, सोसायटीचे किंवा शाळेचे आकडे असे देणार असाल, तर आधी नावं आणि फोन नंबर काढून टाका. कुठल्या ओळी घेतल्या, कुठल्या सोडल्या, ते यंत्राला विचारा. दोन-चार आकडे कागदावर स्वतः पडताळा. आलेखात मराठी अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटले तर घाबरू नका. देवनागरीचा फॉन्ट वापरायला सांगा.

नव्या आलेखात हजेरी थोडी घटलेली होतीच. ते मी कार्यकारिणीपासून लपवलं नाही. पण कडा नाहीसा झाला होता. होता तो साधा उतार. मुलींना विचारलं तेव्हा कळलं, कॉलेजची वेळ बदलल्यामुळे तीनला पोहोचणं जमत नाही. आता खोली चार ते सहा उघडी असते. छपरासाठी वर्गणी काढतो आहोत.

त्या रजिस्टरमधला शेऱ्याचा रकाना आता मी भरतो. परवा लिहिलं, ‘पाऊस जोरात. तरी सात जणी आल्या.’