प्रसूतिशास्त्राचा अभ्यास आणि आपली मुलेमुली
(वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गौरव समारंभात दिलेले भाषण)



वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविलेल्या विद्यार्थ्यांचा आपण आताच गौरव केला. त्यानंतर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आमच्या कानाशी येऊन सूचना केली की, ‘मुलींना डोळ्यांची शाखा घ्यायला सांगा; बाळंतपणाच्या भानगडीत पडू देऊ नका.’ या सूचनेमागील काळजी आम्हांस कळते. तथापि याच भानगडीत आमचे आयुष्य गेले असल्यामुळे, चिटणिसांनी नेमून दिलेल्या वेळात तिच्याविषयीच बोलावे असे आम्ही ठरविले आहे.

प्रथम वर्षांचा हिशेब मांडू. बारावीनंतर ‘नीट’ परीक्षा, मग साडेचार वर्षे एम. बी. बी. एस.चा अभ्यास आणि एक वर्ष आंतरवासिता. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यास आपल्या राज्यात एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते. पुढे पदव्युत्तर प्रवेशाची दुसरी ‘नीट’. तिच्या तयारीत बहुधा एक वर्ष जाते. त्यानंतर प्रसूति व स्त्रीरोगशास्त्राची तीन वर्षे. म्हणजे अठराव्या वर्षी घराबाहेर पडलेली मुलगी या शास्त्रात तयार होईतो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची होते. नेमक्या याच काळात घरी पत्रिका येऊ लागतात. ती रात्रभर लेबर रूममध्ये उभी असते आणि इकडून निरोप जातो की, रविवारी स्थळ पाहावयास येणार आहे, घरी ये. ती आली नाही की हट्टी ठरते. मुलग्यास असा निरोप कोणी धाडीत नाही. बुद्धीच्या अभावी ही शाखा सोडलेली मुलगी आम्ही क्वचितच पाहिली. घरच्यांच्या तगाद्याने सोडलेल्या मात्र अनेक पाहिल्या.

हे काम आहे तरी कसे? यातील निम्मे कौशल्य स्वस्थ बसण्याचे आहे. पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास चालतात. दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकावेत, चार तासांनी गर्भाशयाचे मुख किती उघडले ते तपासून आलेखावर खूण करावी, बाईला धीर द्यावा आणि उगाच हात घालू नये. परंतु वार पडल्यानंतर गर्भाशय आवळले नाही, तर सारे चित्र पालटते. पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त जात असते. तो ओघ उघडा राहिला तर दोन तासांच्या आत बाई हातची जाऊ शकते. ऑक्सिटोसिन देणे, गर्भाशय दाबून धरणे, रक्तपेढीस आणि भूलतज्ज्ञास निरोप पाठविणे, हे सर्व एकदमच करावे लागते. त्या वेळी पुस्तक उघडण्यास अवसर नसतो. मागील तीन वर्षांच्या जागरणांतून हाताला जी सवय लागलेली असते, तीच उपयोगी पडते.

२०१८ ते २० या काळात भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात ३३, तर केरळात १९. महाराष्ट्र आणि केरळ यांतील हे अंतर औषधांच्या शोधाअभावी राहिलेले नाही. वेळेवर पोहोचणारी शिकलेली माणसे आणि रक्त यांचा हा प्रश्न आहे.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातील सुमारे २५ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली आढळली. त्यांतील प्रत्येक आवश्यकच होती, असे आम्ही म्हणणार नाही. काही डॉक्टरांना घाई असते, हे खरे. परंतु मुहूर्त काढून आणणारी कुटुंबेही आहेत, आणि ती आपल्याही ज्ञातीत आहेत.

आता एक अप्रिय गोष्ट. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ साली निर्बंध घातले आणि १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ साली ८९४ उरल्या. आमच्याकडे ‘आपल्याच माणसांना एवढे सांगायला काय हरकत आहे?’ असे म्हणत ज्ञातीची ओळख काढून येणारे आले आहेत. उद्या आज गौरविलेल्या या मुलांकडेही ते येतील. त्यांना नकार देताना या मुलांच्या पाठीशी ज्ञाती उभी राहणार की त्यांच्यावरच रुसणार, हे आजच ठरलेले बरे.

आपल्या लोकांना या क्षेत्रात परंपरा नाही, असे मात्र नव्हे. कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक ठरली असतानाच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी न होता, त्या वारल्या. ज्यांना बाईच्या कामात पुरुषाने पडणे गैर वाटते, त्यांना आम्ही गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर आठविण्यास सांगतो. गर्भाशयाचे मुख अकाली उघडून ज्यांचे गर्भ पुन्हा पुन्हा जात, अशा स्त्रियांसाठी त्यांनी १९५५ साली पुढे आणलेला टाका आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. तेव्हा मुलग्यांनीही संकोच धरू नये.

शेवटी कार्यकारी मंडळास एक विनंती. आपल्या शिष्यवृत्तीची सर्व रक्कम पहिल्या प्रवेशाच्या वर्षी दिली जाते, त्या वेळी उत्साह सर्वांनाच असतो. खरी ओढाताण होते ती दुसऱ्या ‘नीट’च्या तयारीच्या वर्षी, कारण तेव्हा विद्यावेतन नसते आणि घरी विवाहाची घाई असते. निम्मी रक्कम त्या वर्षासाठी राखून बिनव्याजी कर्जाऊ द्यावी आणि मिळकत सुरू झाल्यावर हप्त्याने परत घ्यावी, अशी लेखी सूचना आम्ही आज चिटणिसांकडे दिली आहे.

ज्या मुलामुलींना या शाखेविषयी अधिक विचारावयाचे असेल, त्यांनी कोणत्याही रविवारी दुपारी आमच्याकडे यावे आणि आईवडिलांनाही बरोबर आणावे. एखादी बाई अडलेली असली, तर मात्र थोडे थांबावे लागेल.