मोकळ्या जागेची चूक

शाळेत आपण मुलांना वहीत समास सोडायला शिकवतो. समास वाकडा झाला तर फार तर गुरुजींचा शेरा मिळतो. मजकुराचा अर्थ काही बदलत नाही. पण आज मी अशा एका लिखाणाविषयी बोलणार आहे, ज्यात समास चुकला की अर्थच बदलतो.

घरातले दिवे, पंखे, पाण्याची मोटर वेळच्या वेळी आपोआप चालावी, म्हणून हल्ली काही जण घरी एक लहानसा संगणक बसवतात. होम असिस्टंट नावाची प्रणाली त्यासाठी २०१३ पासून विनामूल्य मिळते. तिला द्यायच्या पुष्कळ आज्ञा पडद्यावर निवडून देता येतात. पण बारीकसारीक आज्ञा अनेक जण फाइलमध्ये हाताने लिहितात. या लिहिण्याच्या रीतीला यॅमल म्हणतात. कोणती ओळ कोणाच्या पोटात, हे तिच्यात ओळीआधी सोडलेल्या मोकळ्या जागांवरून ठरते. आपल्या वंशावळीसारखेच म्हणा ना! बापाच्या खाली मुलगा, मुलाच्या खाली नातू. एखादे नाव चुलत्याच्या खाली सरकले, तर वारसाच बदलला!

आमच्या घरी असेच झाले. टाकी भरली की दोन कामे व्हायची होती. रात्र असेल तर अंगणातला दिवा लावायचा. आणि रात्र असो वा दिवस, मोटर बंद करायची. मी आज्ञा लिहिल्या, रात्री करून पाहिल्या. दिवा लागला, मोटर थांबली. मी निश्चिंत झोपलो. दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेजारच्या काकूंची हाक आली, "अहो गुरुजी, पाणी रस्त्यावर आलंय, मोटर बंद करा की!" वैशाखातली विहीर, आणि पाणी गटारात चाललेले. फार ओशाळलो.

चूक काय होती? मोटर बंद करण्याची आज्ञा चार जागा आत सरकून दिव्याच्या आज्ञेखाली बसली होती. म्हणजे तीही 'रात्र असेल तर' या अटीच्या पोटात गेली. रात्री ठीक, दिवसा गप्प! संगणकाने तक्रार केली नाही, कारण व्याकरण शुद्धच होते. चुकला होता तो अर्थ.

तेव्हा मंडळी, अशी फाइल बिघडली तर काय करावे? आधी जुन्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी. मग पाहावे, की कळफलकावरची टॅबची कळ कुठे दाबली गेली आहे का. यॅमलमध्ये ओळ आत घेण्यासाठी टॅब चालत नाही. साध्या मोकळ्या जागाच लागतात. दर पायरीला दोन, हा इथला प्रघात. अपूर्णविरामाची दोन टिंबे दिली, की त्यांच्यापुढे किंमत लिहिण्याआधीही एक जागा सोडावी.

चुकीच्या संदेशात ओळीचा क्रमांक येतो. पण त्याच ओळीवर अडून बसू नये. चूक पुष्कळदा एक-दोन ओळी वर असते. वाचणाऱ्या यंत्राला ती पुढे गेल्यावर उमगते, इतकेच. तरीही सापडली नाही, तर संशयित ओळींच्या आधी # हे चिन्ह टाकून त्या तात्पुरत्या बाद कराव्यात. आधी अर्ध्या, मग त्यातल्या अर्ध्या. तक्रार जिथे थांबेल, तिथे चोर सापडला.

प्रणाली पुन्हा सुरू करण्यापूर्वी फाइल तपासण्याचे बटण अवश्य दाबावे. पण ते फक्त मांडणी तपासते, तुमचा हेतू त्याला कसा कळणार? म्हणून प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारावे, "बाई गं, तू कोणाच्या घरची?" आणि करून पाहताना अट खरी असताना एकदा, खोटी असताना एकदा, असे दोनदा पाहावे. मी दिवसाउजेडी एकदा पाहिले असते, तर काकूंना हाक मारावी लागली नसती.

शिक्षक बंधुभगिनींनो, संगणकाच्या तासाला मुलांकडून अशा चार ओळी मुद्दाम सरकवून घ्या आणि अर्थ कसा पालटतो ते त्यांनाच सांगू द्या. कोरी जागाही काही सांगत असते, हे त्यांना एकदा कळले, की ती पुढे विसरायची नाहीत.