जुन्या मोटारीचा लपणारा ब्रेकदोष
(वाहनचालक व शिक्षक यांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



वैद्याच्या दारात पाऊल टाकताच दुखणे नाहीसे व्हावे आणि घरी परतताच पुन्हा उठावे, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. जुन्या मोटारीच्या ब्रेकचेही कधी कधी असेच होते. सदैव न लागणारा ब्रेक दुरुस्त होतो, कारण त्याच्याविषयी कोणाला संशय राहत नाही. कधी लागणारा व कधी न लागणारा ब्रेक मात्र अधिक घातक असतो.

काही वर्षांपूर्वी एका जुन्या अँबेसेडर मोटारीने मी अनमोड घाट उतरून मोलेकडे येत होतो. सोबत एक शिक्षक व चार विद्यार्थी होते. उतारभर ब्रेकवर पाय ठेवण्याची चूक माझीच. अर्ध्या घाटात पेडल कापसात रुतावे तसे खाली गेले. खालचा गिअर टाकून व हातब्रेक ओढून गाडी डोंगराच्या कडेला कशीबशी थांबविली. अर्ध्या तासाने पाहतो तो पेडल पूर्ववत् कडक! दुसऱ्या दिवशी गॅरेजमधील कारागिराने गाडी फिरवून सांगितले, "काही दोष नाही." तो खोटे बोलत नव्हता. परंतु त्याने परीक्षा घेतली ती सपाट रस्त्यावर आणि थंड ब्रेकवर. दोष होता तो उतारावरचा आणि तापलेल्या ब्रेकचा.

हे कसे घडते? आपण पेडल दाबतो तो दाब मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइलच्या द्वारे चाकांपर्यंत पोचतो. द्रव पदार्थ दाबाने आकसत नाही, यावरच ही सारी रचना उभी आहे. पण हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. घाटात ब्रेक तापले की अशा तेलात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. गाडी निवाली की वाफेचे पुन्हा द्रव होते व पुरावाच नाहीसा होतो. माझ्या गाडीतील तेल कित्येक वर्षे बदललेले नव्हते आणि त्याचा रंग काळपट झाला होता. ते पूर्णपणे बदलल्यावर ती तक्रार पुन्हा उद्भवली नाही.

परंतु प्रत्येक वेळी कारण हेच असेल असे नाही. म्हणून लक्षणे नीट ओळखावीत. गाडी उभी असता पेडल हलकेच दाबून मिनिटभर तसेच धरावे. ते हळूहळू खाली बसू लागले आणि बाहेर कोठेही गळती दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरमधील रबरी कप झिजला असण्याचा संभव मोठा. जोराने दाबल्यास हाच कप फुगून भिंतीला घट्ट बसतो व ब्रेक उत्तम लागतो. हलक्या दाबाला मात्र तेल त्याच्या कडेने निसटते. दोष लपतो तो असा. दोनतीनदा दाबल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल, तर ब्रेक शू व ड्रम यांतील अंतर वाढले आहे असे समजावे. वर येऊनही लिबलिबीत राहत असेल, तर नळीत हवा शिरली आहे. पाय काढल्यावरही एकच चाक आवळलेले राहून तापत असेल, तर त्या चाकाकडे जाणारा रबरी होज आतून फुगला आहे काय, ते पाहावे. पाण्यातून गाडी गेल्यावर ब्रेक क्षणभर कच्चा लागणे हे ओल्या लायनरचे लक्षण होय. पाणी ओलांडताच हलका ब्रेक लावीत गेल्यास तो सुकतो.

अँबेसेडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. तरी जुन्या गाड्या अजूनही कोठे कोठे धावतात. त्या काळच्या बऱ्याच मोटारींत चारही चाकांना तेलाचा एकच मार्ग असे. तो निकामी झाला की उरतो केवळ हातब्रेक.

म्हणून माझी विनंती एवढीच की, प्रत्येक गाडीत एक वही ठेवावी. ब्रेकने दगा दिला की तारीख, चढ की उतार, ऊन की पाऊस, ब्रेक थंड की तापलेला, पेडल मऊ की कडक, हे तेथल्या तेथे लिहावे आणि कारागिराला 'ब्रेक बिघडला' एवढेच न सांगता ही वही दाखवावी. सहलीसाठी गाडी ठरविणाऱ्या शिक्षकांनीही भाड्याबरोबरच ब्रेकची चौकशी करावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० नुसार, माहीत असलेला दोषच नव्हे, तर साधी काळजी घेतल्यास कळला असता असा दोष असलेली गाडी रस्त्यावर चालविणे वा चालवू देणे हाही अपराध ठरू शकतो.

आपोआप नाहीसा झालेला दोष हा दुरुस्त झालेला दोष नव्हे. तो पुढच्या उताराची वाट पाहत असतो. आपण मात्र त्याची वाट पाहू नये, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.